मिस्त्रींचा बुधवार

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही, आणि तरीही मी लिहायला बसले आहे, याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागते. मराठी विषय घेऊन मी एम. ए. केले, ते चंद्रपूरला, पस्तीसएक वर्षांपूर्वी. त्यानंतर माझ्या हातून जे लिहिले गेले ते सारे 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' या धर्तीचे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, एका सरकारी कार्यालयाच्या पाणी विभागात, निवृत्त होईपर्यंत मी टिपण्या लिहीत राहिले. अशा लेखणीने माणूस उभा करायला जाणे हे धाडसच. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांना मी पुरते ओळखतही नव्हते. ओळखले असे दोनतीनदा वाटले, आणि प्रत्येक वेळी ती समजूत चुकीची निघाली.

नाव सांगत नाही. तसे त्यांना नावाने कोणी हाक मारतही नसे. हातपंप दुरुस्त करणारे कंत्राटी मिस्त्री म्हणून ते आमच्याकडे होते. गावात 'मिस्त्री', कार्यालयात 'मिस्त्रीभाऊ'. मूळचे चामोर्शीकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले, पण ती शेती भावांकडे सोडून जंगलातल्या एका लहान गावात एकटेच राहत. आसपासच्या दहाबारा गावांचे पंप त्यांच्याकडे होते. सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी, मागे कॅरियरला दोरी आणि ग्रीसचा डबा. पंपाजवळ आले की आधी लोखंडाला कान लावीत. दांडा दोनदा वरखाली करायला सांगत, आणि डोळे मिटून म्हणत, "वायसर गेला." वायसरच गेलेला असे.

त्यांचे मासिक अहवाल माझ्या टेबलावर येत. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. त्यात इतर मिस्त्री 'चालू' किंवा 'बंद' लिहीत. यांचे शेरे असे: 'पंप चालू. शाळेत गुरुजी नाही.' 'पंप चालू. पाटलीणबाईचा गुडघा सुजला, दांडा जड वाटते म्हणते.' हे सारे मी तांबड्या शाईने खोडून 'चालू' असे लिहीत असे. तारखांपुढे रोजच्या कामाची नोंद असायची, तिथे दर आठवड्याला एका ओळीत फक्त 'बुधवार' असे लिहिलेले असे. दुसरे काही नाही.

पहिल्यांदा मी त्यांना बोलावून विचारले, तेव्हा ते टेबलापासून तीन हात दूर उभे राहिले, ग्रीसचे हात मागे धरून.

"मिस्त्रीभाऊ, सुट्टी रविवारी असते."

"रविवारी मी काम करतो ना बाई. लिवलं हाय."

"पण बुधवारी का नाही?"

"बुधवारी गाव थांबते. मी एकटाच काऊन ठोकत बसू?"

ते राहत त्या गावात, आणि त्या बाजूच्या आणखी काही गावांत, आठवड्यातला एक दिवस पाळण्याची रीत आहे. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, कुऱ्हाड उचलत नाहीत, मातीला लोखंड लावत नाहीत. मातीला एक दिवस निवांत असू द्यायचे. गोंडीत त्या दिवसाला वेगळा शब्द आहे; तो मला नीट उच्चारता येत नाही म्हणून लिहीत नाही. मिस्त्री काही त्या समाजाचे नव्हते. पण तिथे राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी एका बुधवारी त्यांनी पंप उघडला. पाइप वर ओढायला चारपाच माणसांचे बळ लागते. खाटांवर पडलेली चार माणसे मुकाट्याने उठून आली आणि दुपारपर्यंत ओढत राहिली.

"कोनी नाई म्हटलं नाई," मिस्त्री मला सांगत होते. "नाई म्हटलं असतं तं बरं झालं असतं. माह्या एका पान्यापायी चार जनांचा बुधवार गेला, बाई. तो मी त्यायले कुठून आनून देऊ?"

एवढे ऐकून मला वाटले, हा माणूस कळला. दुसऱ्यांची रीत सांभाळणारा सज्जन माणूस. मग एकदा त्या गावचे गावपाटील दाखल्यासाठी कार्यालयात आले. मी सहज म्हटले, "तुमचा बुधवार आमचे मिस्त्री फार निष्ठेने पाळतात हो." तर ते कपाळावर हात मारून म्हणाले, "काय सांगू बाई! पंप सरकारचा हाय. त्याले बुधवार नाई लागत. आमी किती खेपा सांगतलं. पन हा आमच्याहून जास्त पाळते. आमाले त्याचा धाक वाटून राह्यला आता."

तेव्हा ते सज्जन आहेत की हट्टी, या प्रश्नाशी मी पुन्हा येऊन थांबले.

एका बुधवारी पाण्याच्या पाहणीसाठी मला त्या गावी जावे लागले. सुट्टी पाळणारा माणूस झाडाखाली निजलेला दिसेल अशी माझी कल्पना होती. मिस्त्री पंपाशी होते. दोन्ही हातांनी दांडा मारीत होते. समोर बायांच्या गुंडांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची, रांग, आणि बाया बाजूच्या दगडांवर बसून गप्पा मारीत होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दर बुधवारी, हे असेच चालते, असे त्या बायांनी मला सांगितले. पुढे सरकून कोणी दांड्याला हात लावला की मिस्त्री ओरडत, "बस ना वो! तुयी सुट्टी हाय."

एक म्हातारी मला म्हणाली, "गावाची सुट्टी म्हंजे गड्यायची सुट्टी, बाई. आमाले कवा होती? हा येडा आला तवापासून आमी बसून राह्यलो."

"येडा म्हनते अन् गुंड दोन आनते," मिस्त्री म्हणाले. सगळ्या हसल्या.

मी तिथेच उभी राहून त्यांच्याशी वाद घातला. कुणाशीही वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही, पण हे कोडे मला सुटत नव्हते.

"ही कसली सुट्टी, मिस्त्रीभाऊ? दिवसभर घाम गाळता आहात."

"सुट्टी म्हंजे आपलं काम बंद. दुसऱ्याचं काम बंद, असं कोन म्हटलं?"

"मग पंपाची दुरुस्तीही दुसऱ्यांसाठीच असते."

"त्याचा पगार भेटते मले. ते माहं काम. पाना धरला का मी मिस्त्री झालो. दांडा कोनीबी मारते."

मग दांडा न थांबवता त्यांनी मलाच विचारले, "तुमची सुट्टी कवा रायते, बाई?"

"रविवारी."

"काय करता?"

मी खरे ते सांगितले. कपडे, धान्य निवडणे, आठवड्याची भाजी, सासूबाईंना न्हाऊ घालणे, आणि उरलेल्या टिपण्या घरी आणलेल्या असत त्या.

"मंग ते ऑफिसची सुट्टी झाली," मिस्त्री म्हणाले. "तुमची नाई झाली."

परतताना जीपमध्ये मी या वाक्याचा विचार करीत होते. त्यांचा बुधवार आणि माझा रविवार यांत नेमका फरक काय, हे मला सांगता येईना. दोघेही दुसऱ्यांसाठी राबत होतो. पण संध्याकाळी ते विसावलेले दिसत होते आणि मी दिसत नव्हते, एवढे मात्र नक्की.

आता ज्या बुधवारामुळे हे लिहिते आहे, तो. एप्रिल संपत आला होता. मोहफुले वेचून झाली होती, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू व्हायचा होता. जिल्ह्याहून एक नवे साहेब पाहणीला आले. आमचे विभागप्रमुख रजेवर असल्याने फायली घेऊन मला त्यांच्याबरोबर पाठवण्यात आले. साहेब कामाला चोख, पण रागीट. त्यांची चूक कोणी दाखवलेली त्यांना आवडत नाही हे पहिल्या दोन गावांतच माझ्या ध्यानात आले.

त्या गावाचा पंप बंद होता. चेन तुटून दांडा खाली लोंबत होता. चेन बदलणे हे एका माणसाचे, तासाभराचे काम. पाइप ओढावे लागत नाहीत. आणि पलीकडच्या नाल्याच्या वाटेने मिस्त्री येत होते. अंगात काही नाही, डोक्याला दुपट्टा बांधलेला, खांद्यावर कावड आणि कावडीला दोन भरलेले गुंड. नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरून ते सकाळपासून घरोघर पोचवीत होते. बाया सावलीला बसल्या होत्या.

ती म्हातारी त्यांच्यावर खेकसत होती, "एका घंट्याचं काम, अन् दिवसभर आंग मोडून राह्यला! लाव ना पाना!"

"बुढे, तू बस. तुया गुंड भरला का नाई, ते पाय."

साहेबांनी बायांना विचारले, "पंप केव्हापासून बंद आहे?"

"पहाटपासून."

"मिस्त्रीला कळवलं का?"

बाया एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. एक म्हणाली, "त्याले मालूम हाय ना साहेब."

"मग तो आहे कुठे?"

मिस्त्रींनी कावड खाली ठेवली नाही. तशीच खांद्यावर धरून, अदबीने, ते म्हणाले, "सुट्टीवर हाये, साहेब."

"कोण?"

"मिस्त्री."

"आणि तू कोण?"

"मी पानी आनून राह्यलो."

बायांना वाटले की साहेब गंमत करीत आहेत. मी सोबत आहे, म्हणजे साहेबांना सगळे ठाऊकच असणार. त्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. मीही हसल्यासारखे केले. 'साहेब, हेच ते' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. ते माझ्या ओठांपर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगू शकते. साहेबांनी मोबाइल काढून कावडीसकट मिस्त्रींचा फोटो घेतला आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

जीप सुरू झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, लिहून घ्या. या माणसाचं नाव मागवा, स्वातंत्र्यदिनाला सत्कार करू. एकटा माणूस आख्ख्या गावाला पाणी पुरवतोय. आणि त्या मिस्त्रीला नोटीस. उन्हाळ्यात पंप बंद आणि हा सुट्टीवर! सात दिवसांत समाधानकारक उत्तर नसेल तर करार रद्द."

मी दोन्ही लिहून घेतले. एकाच पानावर, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात.

आमच्या मोठ्या बाबूंना मी हे सांगितले, तेव्हा ते खुर्चीवर रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "अहो, यात काय एवढं? त्याच्या नावानं उत्तर तयार करा: चेन उपलब्ध नव्हती, म्हणून ग्रामस्थांची गैरसोय टाळण्यासाठी स्वतः पाणी वाहून नेले. नोटीसही मिटली आणि सत्कारही झाला. सही तेवढी घ्या."

असा मसुदा मी केला. इतक्या वर्षांत इतका नेटका मसुदा मी दुसरा केला नसेल. गुरुवारी मिस्त्री आले. त्यांनी तो बोट ठेवून वाचला, दोनदा.

"चेन तं होती ना, बाई. माह्या पिशवीतच होती."

"ते कोणाला ठाऊक आहे?"

"मले."

"मिस्त्रीभाऊ, करार जाईल तुमचा. दहाबारा गावं तुमच्यावर आहेत. तुम्ही कुठे जाल?"

त्यांना हे सारे कळत होते. चेहरा उतरला होता. सायकलची किल्ली ते बोटाभोवती फिरवीत होते. मग म्हणाले, "चेन नवती असं लिवलं, तं मी काय केलं? अडकलो म्हनून पानी वायलं. मंग माहा बुधवार कुठी रायला? चेन होती, पाना होता, अन् मी लावला नाई. तेच तं पाळनं हाय."

"आणि सत्कार?"

"नोको. सुट्टीच्या दिवशी केलेलं मोजाचं नसते."

मला राग आला, हे कबूल करते. त्या म्हातारीचे म्हणणे मला पटत होते. उन्हात झिऱ्यातून भरलेले गढूळ पाणी दिवसभर पिण्यापेक्षा तासाभरात पंपाचे स्वच्छ पाणी मिळाले असते, तर त्यात कोणाचे अहित होते? पाइप ओढायचे नव्हते, कोणाला खाटेवरून उठवायचे नव्हते. ज्या कारणासाठी त्यांनी नियम धरला ते कारण त्या दिवशी नव्हतेच; नियम तेवढा उरला होता. हे मी त्यांना बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "असंल बाई. मलेबी रात्री तसंच वाटलं."

"मग?"

"मंग काय? रात्री वाटलं. तवा बुधवार सरला होता."

जाताना ते दारात थांबले. "साहेबाले सांगा ना का पानीवाला अन् मिस्त्री एकच हाय. मी तं तोंडावरच सांगतलं होतं. खरं हाय ते लिवा. त्याले माही ना नाई."

म्हणजे वाट होती. खोटे लिहायला ते तयार नव्हते, पण खरे लिहायला मला कोणी अडवलेले नव्हते. दोन ओळींची टिपणी पुरेशी होती: दोन्ही व्यक्ती एकच असून, सदर कर्मचाऱ्याने त्या दिवशी गावाला पाणी पुरवले आहे. ती वाचून साहेबांनी काय केले असते, मला माहीत नाही. कदाचित ते हसले असते. कदाचित, भर गावात आपली फजिती झाली आणि या बाई बघत उभ्या होत्या, हे त्यांच्या ध्यानात आले असते. मला त्या दुसऱ्या शक्यतेची भीती वाटली. नोटिशीची मुदत सात दिवसांची होती. रोज सकाळी मी कोरा कागद समोर घेत असे, आणि रोज दुसरे एखादे तातडीचे काम निघत असे.

शेवटी मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहून दिले: 'बुधवार होता. सुट्टी पाळली. पाना लावला नाही.' ते मी जसेच्या तसे सादर केले. पुढच्या महिन्यात करार रद्द झाला. सत्काराच्या कागदावर नावाची जागा कोरीच राहिली आणि पावसाळ्यात साहेबांची बदली झाल्यावर तो कोणी मागितला नाही.

मी निवृत्त झाले आणि दोनेक महिन्यांनी, कुणालाही न सांगता, बसने त्या गावाला गेले. मिस्त्री चामोर्शीला परतले असतील अशी अर्धी आशा मनात होती, म्हणजे भेटण्याचा प्रसंग टळला असता. वार बुधवार होता, पण तो मी मुद्दाम निवडला नव्हता. पंपाजवळ पोचले आणि गोंधळून उभी राहिले. मिस्त्रींच्या हातात पाना होता. पंपाचे डोके उघडून, हातांना ग्रीस फासून, ते चेन बसवीत होते. बुधवारी!

माझा चेहरा पाहून ती म्हातारी खदखदा हसली. "पाय ना बाई, आता उलटंच झालं! बाकीच्या दिवशी हा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरी करते, अन् बुधवारी पंप पायते. साऱ्या गावायचे लोक बुधवारची वाट पायतेत. नवा मिस्त्री महिन्यातून एकडाव येते."

"मिस्त्रीभाऊ, पाना?" मी विचारले.

"आता पगार नाई ना याचा, बाई," ते मान वर न करता म्हणाले. "आता हे माहं काम नाई रायलं. दुसऱ्याचं झालं."

म्हणजे ज्या दिवशी त्यांच्यावर पंपाची जबाबदारी होती, त्या दिवशी त्यांनी पाना लावला नाही, आणि जबाबदारी गेल्यावर लावू लागले. यात काही मोठा अर्थ आहे की निव्वळ विक्षिप्तपणा, हे मी त्या दिवसापासून ठरवू पाहते आहे. पंप दुरुस्त होत होता, हे मात्र डोळ्यांसमोर होते.

मी ज्यासाठी गेले होते ते बोलले. "त्या वेळी मी एक टिपणी लिहायला हवी होती. तुम्ही दोघे एकच आहात, अशी. मी लिहिली नाही."

त्यांनी बोल्ट आवळला, पाना खाली ठेवला आणि विचारले, "तवा तुमची सुट्टी होती का, बाई?"

"नाही. कामाचेच दिवस होते."

"मंग लिवाले पायजे होतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. चेनला वेळेवर तेल द्यायला हवे होते, अशा सुरात ते बोलले. आणि पंप चालतो का ते पाहण्यासाठी त्यांनी दांडा मारायला सुरुवात केली.

आता मला सगळेच दिवस सुट्टीचे आहेत. त्या सात दिवसांत जे लिहायचे होते ते मी आज लिहिले आहे. ज्याला वाचायचे होते तो अधिकारी केव्हाच दुसरीकडे गेला, आणि मिस्त्रींचे काम त्यांना परत मिळणार नाही. म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच विचारते: कामाच्या दिवशी भीतीने टाकून दिलेले काम माणसाने सुट्टीत पुरे केले, तर ते पुरे झाले असे म्हणता येते का?